आईला घाटीत नेऊ की खासगी दवाखान्यात?

छत्रपती संभाजीनगरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. (तिथल्या सरकारी रुग्णालयाला सगळे घाटी म्हणतात.) त्या वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करतात. घरी नवरा, बारावीतली मुलगी आणि ६७ वर्षांची आई. आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि तरुणपणापासून मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची सवय. सध्या खालची डावीकडची दाढ रात्री ठणकते, खालचे पुढचे दात हलतात, वरच्या दोन दाढा किडल्या आहेत, मागचे काही दात आधीच गेले आहेत. घराजवळच्या खासगी डॉक्टरांनी तीन रूट कॅनॉल, तीन झिर्कोनियाच्या कॅप, चार दात काढणं आणि खाली इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या स्क्रूंवर) पक्के दात, असा मिळून २ लाख ८० हजारांचा खर्च सांगितला आहे. हप्त्यांची सोयही आहे म्हणाले. आई म्हणते, "एवढे पैसे कशाला? सगळे दात काढून टाक आणि घाटीतल्या दातांच्या कॉलेजात कवळी करून आण." पुण्याचा मोठा भाऊ म्हणतो, "आईवर शिकाऊ पोरांचे प्रयोग नकोत. निम्मे पैसे मी देतो." उरलेल्या निम्म्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागेल. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं आहे, "पैशांकडे बघून आईला सरकारीत नेलं, तर मी तिच्यासाठी कमी पडले असं होईल का?"

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी ठणकणाऱ्या दाढेचं बघू, कारण ती तुमचा निर्णय होईपर्यंत थांबणार नाही. रात्री झोपू न देणारी दाढ म्हणजे बहुतेक वेळा आतली नस सुजलेली असते किंवा मुळाशी पू धरलेला असतो. मधुमेहात असा जंतुसंसर्ग लवकर पसरतो, आणि संसर्ग आहे तोवर साखरही आटोक्यात येत नाही. आईच्या गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर सरकारी-खासगी हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी जे जवळ असेल तिथे न्या. रात्र असेल तर घाटीचा अपघात विभाग उघडा असतो. आणि मेडिकलमधून रोज दुखण्याच्या गोळ्या आणून दिवस ढकलू नका. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, या गोळ्या त्यात भर घालतात. दुखऱ्या दाढेवर मिश्री दाबून धरायची आपल्याकडे जुनी सवय आहे, तीही तूर्त बंद.

आता तुमचा प्रश्न. मी शिकले सरकारी दंत महाविद्यालयात आणि पोट भरते खासगी दवाखान्यावर, म्हणून दोन्ही बाजू आतून माहीत आहेत. तुमच्या पत्रात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली आहे: आईच्या तोंडात एकच मोठं काम आहे आणि ते सगळंच्या सगळं एका ठिकाणी करायचं आहे. डॉक्टरांनी तसा एकच आकडा सांगितला, म्हणून तसं वाटलं असेल. प्रत्यक्षात त्या आकड्यात चार वेगळी कामं आहेत. ठणकणारी दाढ या आठवड्यातली. किडलेल्या वरच्या दाढा येत्या महिना-दोन महिन्यांतल्या. हलणारे दात काढायचे की वाचवायचे हे हिरड्यांवर उपचार केल्यावर ठरेल. आणि गेलेल्या दातांच्या जागी काय बसवायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. या प्रत्येक कामाला वेगळी जागा योग्य असू शकते. खर्चाचा मोठा भाग त्या शेवटच्या कामाचा आहे, म्हणजे ज्याची आज अजिबात घाई नाही त्याचा.

म्हणून खासगी डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि त्यांच्याकडून एक कागद मागा. त्यावर प्रत्येक दात क्रमांकानं लिहिलेला असावा. आम्ही दातांना दोन आकडी क्रमांक देतो. ३६ म्हणजे खालची डावीकडची पहिली मोठी दाढ. प्रत्येक क्रमांकासमोर काय करायचं, का करायचं आणि किती रुपये, एवढं लिहून द्यायला कुठल्याही चांगल्या डॉक्टरला अवघड वाटू नये. एक्स-रेची प्रतही मागून घ्या, तिचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. "आजच सुरू केलं तर सवलत" असं ऐकायला मिळालं, तर त्या दिवशी सही करू नका. हप्ते सोपे वाटतात, पण ते कर्जच असतं.

मग त्या "शिकाऊ पोरांच्या प्रयोगां"बद्दल. तुमच्या भावाला वाटणारी भीती खोटी म्हणणार नाही, पण ती तिथे काय चालतं हे न पाहता आलेली आहे. दंत महाविद्यालयात गेल्यावर केसपेपर निघतो आणि रुग्ण आधी तपासणीच्या विभागात जातो. तिथे पूर्ण तोंड तपासतात, एक्स-रे काढतात आणि मग चिठ्ठी देऊन पुढच्या विभागात पाठवतात. दात काढणं एका विभागात, रूट कॅनॉल दुसऱ्यात, हिरड्या तिसऱ्यात, कवळी चौथ्यात. बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, शेवटची वर्षं शिकणारे विद्यार्थी आणि इंटर्न सोपी कामं करतात. दाढेचं रूट कॅनॉल सहसा एमडीएस करणारे डॉक्टर हाताळतात, म्हणजे पदवी घेऊन झालेले आणि त्याच एका विषयात तीन वर्षं घालवणारे. मागे अध्यापक उभे असतात, आणि काम एका टप्प्यावरून पुढे जाण्याआधी ते दाखवून घ्यावं लागतं. काम हळू होतं याचं हेही एक कारण आहे. खासगी दवाखान्यात माझं काम कुणी तपासत नाही. तिथे सगळी भिस्त माझ्या सचोटीवर असते. शिवाय खासगीतही ज्यांची पाटी आहे तेच हात लावतील असं नाही; रूट कॅनॉलला आठवड्यातून एकदा येणारे तज्ज्ञ असतात, कधी नुकतेच पास झालेले सहायक असतात. तेव्हा "हे काम नेमकं कोण करणार?" हा प्रश्न दोन्हीकडे विचारा. तो विचारण्यात उद्धटपणा नाही.

तुमच्या शहरातलं सरकारी दंत महाविद्यालय १९८२ पासून आहे. शहरातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी खासगी दवाखान्यांचे डॉक्टर तिथेच शिकले. तुम्ही ज्यांच्याकडून अंदाज घेतला, तेही कदाचित.

सरकारीत खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करू नका. तिथे पैसे कमी लागतात, दिवस जास्त लागतात. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, तपासणीला बसायचं, एक्स-रेला दुसरीकडे जायचं, आणि दुपारी कळतं की पुढची तारीख दहा दिवसांनंतरची आहे. एखादं यंत्र बंद पडलेलं असतं. ज्या डॉक्टरनं सुरुवात केली त्याची पाळी संपून दुसऱ्या विभागात गेलेला असतो. परीक्षांच्या काळात कामं रेंगाळतात. एखादी वस्तू बाहेरून आणायला सांगतात. कवळीचं म्हणाल तर ती कुठेही पाच-सहा फेऱ्यांचं काम असते: पहिलं माप, दुसरं नेमकं माप, जबडा मिटतो कसा त्याची नोंद, मेणात दात लावून घालून बघणं, मग तयार कवळी, आणि टोचते तिथे घासून घेण्यासाठी पुन्हा एक-दोनदा. खासगीत या फेऱ्या संध्याकाळी कामावरून आल्यावर होतात. सरकारीत प्रत्येक फेरी म्हणजे तुमची अर्धी रजा किंवा पूर्ण. वाळूजहून घाटीपर्यंत यायचं, आईला रिक्षातून आणायचं, तिला बसायला जागा शोधायची. हा हिशेब कागदावर मांडा. बिनपगारी रजा असेल तर रुपयांत मांडा. त्यानंतरही दोन्ही खर्चांत मोठी तफावत राहील, पण ती २ लाख ८० हजार विरुद्ध शून्य अशी नसेल.

इथेच मला तुमच्या भावाबद्दल लिहायचं आहे. ते निम्मे पैसे द्यायला तयार आहेत, ही चांगली गोष्ट आहे आणि ती मनापासूनच आली असणार. पण तुमच्या घरात सध्या पैशांइतकीच ओढाताण आहे ती आईसोबत कुणी जायचं याची, आणि ते तुम्ही पत्रात कुठे लिहिलेलंसुद्धा नाही, इतकं ते तुमच्या अंगवळणी पडलंय. त्यांना फोन करून स्पष्ट सांगा: "दादा, पैशांचं नंतर बघू, तू आधी दिवस दे. चार-पाच तारखांना सुट्टी काढून ये आणि आईला तू घेऊन जा." एकदा ते स्वतः त्या ओपीडीत बसले, डॉक्टरांशी बोलले, तर प्रयोगांची भीती कमी होईल. किंवा त्यांना खरंच काही गैर दिसेल, आणि तेही तुमच्या उपयोगाचं असेल. आईला सरकारीत नेलं म्हणून नातेवाईक काय म्हणतील, हा त्यांच्या मनातला सल असू शकतो. तो समजून घ्या, पण त्याची किंमत तुमच्या मुलीच्या ठेवीतून चुकती करू नका.

आईचं "सगळे काढून टाक" मात्र ऐकू नका. निदान पैशांचा विषय बाजूला काढून तिला पुन्हा विचारा. आपल्याकडे बायका स्वतःवर होणारा खर्च टाळण्यासाठी दातच काय, गुडघे आणि डोळेही सोडून देतात, आणि त्या खर्चाला हौस असं नाव देतात. "पैसे लागणार नाहीत असं समज, मग तुला काय हवं?" असं विचारलं की उत्तर बदललेलं मी पाहिलं आहे. भाकरी चावून खायची आहे, शेंगदाणे खायचे आहेत, लग्नात हसताना तोंडावर पदर धरावा लागू नये, अशी साधी उत्तरं येतात. त्यावरून उपचार ठरवायला सोपं जातं.

वैद्यकीय कारणही तेवढंच मोठं आहे. कवळ्यांमध्ये सगळ्यात जास्त त्रास देते ती खालची पूर्ण कवळी. वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो आणि ती चिकटून बसते. खाली जीभ सतत हलत असते, आणि दात काढल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजत जातं, त्यामुळे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांत नाचायला लागते. म्हणून खालचे दोन सुळे जरी बऱ्यापैकी घट्ट असतील, तरी ते राखायचा प्रयत्न व्हावा. त्यांचं रूट कॅनॉल करून, हिरडीच्या बेतानं आखूड करून त्यांच्यावर कवळी बसवता येते. हाड टिकतं, पकडही मिळते. हे काम दंत महाविद्यालयांच्या कवळीच्या विभागात होतं. दोन्हीकडच्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा: "सुळे वाचतील का?"

इम्प्लांटबद्दल. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात, हाड त्याला धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबतात आणि मग वर दात चढवतात. चांगला उपचार आहे, मीही करते. पण साखर बेताबाहेर असेल आणि मिश्री चालूच असेल, तर जखम भरणं आणि हाडानं पकड घेणं दोन्ही धोक्यात येतं. आईच्या रिपोर्टमध्ये तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा काय आहे, हे खासगी डॉक्टरांनी विचारलं होतं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो न पाहता इम्प्लांटचा खर्च सांगितला असेल, तर घाई झाली आहे असं मी म्हणेन. शिवाय "इम्प्लांट म्हणजे पक्के दात" एवढा एकच पर्याय नाही. सगळे खालचे दात गेलेल्या जबड्यासाठी पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट आणि त्यांच्यावर अडकणारी, काढता येणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच मांडलं होतं. पक्क्या दातांपेक्षा खर्च पुष्कळ कमी आणि स्वच्छता सोपी. साखर आटोक्यात आल्यावर, वर्षभरानंही हा विचार करता येईल.

कॅपचंही तसंच. मागच्या दाढेला झिर्कोनिया छान दिसतो, पण ती दाढ हसताना दिसत नाही. धातूची किंवा धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप चावण्याचं काम उत्तम करते आणि बरीच स्वस्त पडते. डॉक्टर महागडं सुचवतात ते नेहमी लुबाडण्यासाठी नसतं. कित्येकदा त्यांना वाटतं, पेशंटला सगळ्यात चांगलं सांगावं. तुम्ही "याहून साधं काय चालेल?" असं विचारेपर्यंत दुसरा पर्याय पुढे येत नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. ठणकणारी दाढ याच आठवड्यात, रजा मिळत नसेल तर संध्याकाळी, त्याच खासगी डॉक्टरांकडे उघडून घेतली असती. वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनॉल, नसेल तर काढणं. एका दाढेचा खर्च ठेव न मोडता झेपतो. त्यानंतर एक दिवस रजा टाकून आईला दंत महाविद्यालयात नेलं असतं, पूर्ण तपासणी करून घेतली असती, आणि खासगीतला कागद व एक्स-रे त्यांच्यासमोर ठेवला असता. दुसरं मत मिळण्यासाठी याहून स्वस्त आणि तुमच्या पैशांत रस नसलेली जागा नाही. हिरड्यांचे उपचार, हलणारे दात काढणं आणि कवळी हे मी तिथेच केलं असतं. वरच्या दोन दाढा तारखा कुठे लवकर मिळतात त्यावर. इम्प्लांट आत्ता नाही.

जाताना आईची सगळी औषधं पाकिटांसकट न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि दात काढायचा म्हणून ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. हाडांसाठी इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा. अलीकडचा साखरेचा रिपोर्ट, आधार कार्ड आणि शिधापत्रिका सोबत ठेवा. पिवळं कार्ड असेल तर काय सवलत मिळते हे विचारा. दात काढायच्या दिवशी आईला उपाशी नेऊ नका. नाश्ता आणि सकाळची औषधं नेहमीप्रमाणे झालेली हवीत, आणि शक्यतो सकाळचीच वेळ घ्या, कारण रांगेत भूक मारून बसलं की साखर एकदम खाली येते. पिशवीत बिस्किटं आणि थोडी साखर असू द्या.

ज्यांच्या गावात दंत महाविद्यालय नाही, त्यांच्यासाठी थोडं. बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, तसंच जिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. दंत महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, म्हणून तिथे थोडं शुल्क लागतं. दात काढणं, सिमेंट भरणं, दात साफ करणं अशा कामांना तालुक्याच्या रुग्णालयात आधी जाऊन बघायला हरकत नाही. डॉक्टर कुठल्या वारी असतात ते मात्र फोन करून विचारा. मुंबईकरांना मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि फोर्टमधलं सरकारी महाविद्यालय आहे, विदर्भाला नागपूर, गोव्याला बांबोळी. खासगी दंत महाविद्यालयांतही शिकवण्यासाठी रुग्ण लागतात, त्यामुळे तिथले दर दवाखान्यांपेक्षा कमी असतात. घरातल्या विम्यावर किंवा सरकारी आरोग्य योजनांवर रूट कॅनॉल आणि कवळीचा खर्च निघेल असं धरून चालू नका. आणि रस्त्याच्या कडेला बसून तासाभरात "पक्का दात" चिकटवून देणाऱ्यांकडे कितीही स्वस्त असलं तरी जाऊ नका. ते हिरडीवर प्लास्टिक दाबून शेजारच्या चांगल्या दातांना जोडून टाकतात, आत घाण साचते आणि चांगले दातही जातात.

खासगी दवाखाना योग्य कुणासाठी? ज्याचं एकच काम आहे, ज्याची रोजची मजुरी बुडते, ज्या म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास बाकावर बसवत नाही, किंवा ज्याला एकाच ओळखीच्या डॉक्टरचा हात लागल्याशिवाय धीर येत नाही, त्यानं बिनधास्त खासगीत जावं. हत्यारं बंद पाकिटातून समोर उघडतात का, आणि डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणी भिंतीवर आहे का, एवढं बघावं.

आता ताई, तुम्ही विचारलं नाही ते. आईनं इतकी वर्षं मिश्री लावली आहे. दातांच्या खर्चाच्या चर्चेत तिच्या गालांच्या आतली कातडी, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा कुणी नीट पाहिली का? पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तिखट सोसेनासं होणं, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काही असेल तर कॅन्सर तर नाही ना, याचा तपास दातांआधी हवा, गरज पडली तर तुकडा काढूनसुद्धा. दंत महाविद्यालयाच्या पहिल्या तपासणीत हे बघितलं जातं, तरी तुम्ही स्वतः सांगा, "मिश्रीची सवय आहे, तोंड आतून नीट बघा." मी तुम्हाला तिथे एकदा तरी जायला सांगते आहे, त्यामागे पैशांपेक्षा हे कारण मोठं आहे.